मातीचे कबूतर आणि जुनी दुनळी

इंग्रज नेमबाज ज्या वस्तूस ‘क्ले पिजन’, म्हणजे मातीचे कबूतर, असे म्हणतात, तिच्यात सांप्रत मातीही नसते आणि कबूतर तर नसतेच. चुनखडीच्या दगडाची बारीक भुकटी आणि डांबर उकळून मागे राहणारा काळा घट्ट पदार्थ, ज्यास कारखान्यात ‘पिच’ म्हणतात, ही दोन द्रव्ये तापवून एकत्र करावयाची व साच्यात दाबावयाची, की ११० मिलिमीटर व्यासाची आणि सुमारे १०५ ग्रॅम वजनाची एक उथळ तबकडी तयार होते. यंत्र ती हवेत भिरकावते आणि नेमबाजाने ती खाली पडण्यापूर्वी छर्ऱ्यांनी फोडावयाची असते. नंदिनी नगरात राहणाऱ्या आमच्यासारख्यास ही कृती वाचून थोडी मौज वाटते. आमच्या पायांखाली चुनखडीच आहे. ती खणण्यासाठीच ही वसाहत वसली. भिलाईच्या झोतभट्ट्यांत लोहदगडातील अशुद्ध भाग मळीच्या रूपाने वेगळा करण्यास ती लागते. आणि त्याच कारखान्याच्या कोकभट्ट्यांतून जे डांबर निघते त्यापासून पिच मिळते. तबकडीचा सारा मालमसाला असा हाताशी असता येथे ती उडवण्याची हौस धरणारा अडतो तो बंदुकीपाशी. प्रथम त्याच्या मनात नवी बंदूक घ्यावी असे येते. चार ठिकाणी चौकशी केल्यानंतर तो निमूटपणे दुसऱ्याने वापरलेल्या बंदुकीच्या शोधास लागतो. हे केवळ पैशाअभावी घडते असे अनेकांस वाटते. आम्हांसही आरंभी तसेच वाटत असे. परंतु त्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आपल्या जुन्या मध्यप्रांताशी बराच निगडित आहे.

प्रथम खेळाविषयी थोडे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडात जिवंत कबुतरे सोडून त्यांवर नेम धरण्याच्या पैजा लागत. ती कबुतरे जुन्या टोप्यांखाली झाकून ठेवीत व दोरीने टोपी ओढून पाखरू मोकळे करीत; लंडनजवळच्या एका पथिकगृहास त्यावरूनच ‘जुनी टोपी’ हे नाव पडले, असे सांगतात. पुढे अमेरिकेत कबुतरांऐवजी काचेचे गोळे उडवू लागले. काही गोळ्यांत तर पिसेही भरीत, म्हणजे गोळा फुटताच पाखरू मारल्याचा आभास व्हावा! १८८० साली सिनसिनाटी शहरातील जॉर्ज लिगॉव्स्की याने भाजलेल्या मातीची चपटी तबकडी तयार केली. पाण्यावर शिंपल्या भिरकावणारी मुले पाहून त्यास ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. मातीची तबकडी फार टणक होई व छर्रा लागूनही कित्येकदा फुटत नसे. म्हणून कालांतराने माती गेली व चुनखडी आणि पिच आले, नाव मात्र राहिले. १९०० सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तबकड्यांचीही स्पर्धा झाली आणि जिवंत कबुतरांचीही. इंग्लंडात १९२१ च्या कायद्याने पिंजऱ्यातून सोडलेल्या पाखरांवर बार काढण्यास बंदी झाली. तबकडी जेव्हा नेमबाजापासून दूर पळत जाते तेव्हा त्या खेळास ‘ट्रॅप’ म्हणतात. दोन बाजूंच्या दोन उंच-सखल घरांतून ती आडवी जाते तेव्हा त्यास ‘स्कीट’ म्हणतात. दुसरा प्रकार १९२० च्या सुमारास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात निघाला व १९६८ साली ऑलिंपिकमध्ये आला.

हिंदुस्थानात हा खेळ आला तो संस्थानिकांच्या आवारात. बिकानेरचे महाराजा डॉ. करणीसिंह हे त्यातील सर्वांत मोठे नाव. १९५२ पासून १९७७ पर्यंत ते लोकसभेचे सदस्य होते. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला त्याच वर्षी तो त्यांस मिळाला. १९६२ साली कैरो येथील जागतिक स्पर्धेत ट्रॅप प्रकारात त्यांनी रौप्यपदक मिळवले आणि १९६० ते १९८० या काळात ते पाच ऑलिंपिकमध्ये उतरले. दिल्लीचे तुघलकाबादचे नेमबाजीचे मैदान आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९७८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत ट्रॅपचे सुवर्णपदक मिळवणारे रणधीरसिंह हेही पतियाळाच्या राजघराण्यातले. २००४ साली अथेन्स येथे दुहेरी ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवणारे राज्यवर्धनसिंह राठोड हे सैनिक. तेथपासून राजवाड्याबाहेरचा मनुष्य या खेळात ठळकपणे दिसू लागला, असे म्हणावयास हरकत नाही.

याच्या शेजारी एक गोष्ट ठेवून पाहण्यासारखी आहे. आपल्या देशातील नेमबाजीची मध्यवर्ती संस्था, नॅशनल रायफल असोसिएशन, १९५१ साली स्थापन झाली ती गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने. लोकसभेचे पहिले सभापती म्हणून त्यांची ओळख सर्वांस आहे. परंतु मूळचे रत्नागिरीकडील घराणे, बडोद्यात जन्म आणि अहमदाबादेत वकिली करण्यात गेलेले आयुष्य, म्हणजे आपल्यासारखाच परप्रांती राहिलेला हा मराठी मनुष्य नेमबाजीचाही आश्रयदाता होता, हे थोड्यांच्या ध्यानात असते. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा अद्याप भरते. तथापि मावळंकरांच्या या संस्थेतून मराठी मुलामुलींनी नाव काढले ते रायफल व पिस्तूल यांत. अंजली भागवत, सुमा शिरूर, २०१० साली जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे, या यादीत छर्ऱ्याच्या बंदुकीचे नाव सापडत नाही. मराठी माणसास तबकडी फोडता येणार नाही असे थोडेच आहे! आमच्या मते कारण सरळ आहे. ठरावीक शक्तीच्या आतील हवेच्या रायफलीस परवाना लागत नाही, दहा मीटरांचे अंतर एखाद्या शाळेच्या दालनातही सापडते, आणि आरंभी मंडळाची रायफल पुरते. तबकडीच्या खेळास विस्तीर्ण मोकळे मैदान हवे, शेकड्यांनी काडतुसे हवीत आणि बहुधा स्वतःची, स्वतःच्या खांद्याला बसणारी बंदूक हवी. ती ज्याच्या घरी पूर्वीपासून होती तो या खेळात आला.

ती कोणाच्या घरी होती, हे मात्र कायद्याने ठरवले. १८५७ च्या डिसेंबरात सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांस रायपुरात देहान्त शिक्षा झाली आणि पुढच्याच महिन्यात तेथील पलटणीतील हनुमानसिंहाने आपल्या गोऱ्या अधिकाऱ्यास ठार केले. भोसल्यांचे राज्य खालसा होऊन तेव्हा चार वर्षेही झाली नव्हती. रयतेच्या हाती हत्यार राहू द्यावयाचे नाही, हा धडा इंग्रजांनी देशभर घेतला, आणि लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा हत्यारांचा कायदा आला. त्याने बंदूक बाळगण्यास परवाना सक्तीचा केला, आणि नियमांन्वये युरोपियन व अँग्लो-इंडियन लोकांस त्यातून सूट दिली. पुढे ती वंशावरची सूट निघाली. कुर्गच्या कोडवा लोकांची वेगळी सवलत मात्र आजतागायत चालू आहे. परवाना देणे न देणे कलेक्टरच्या मर्जीवर असल्याने बंदूक ही राजनिष्ठेची पावती होऊन बसली. आमच्या मध्यप्रांतात ती मालगुजाराच्या दिवाणखान्यात, क्वचित वकिलाच्या किंवा पेन्शनर तहसीलदाराच्या घरी दिसे. शेतकरी रानडुकरे हाकण्यास ठासणीची बंदूक वापरी. छत्तीसगढात तिला ‘भरमार’ म्हणतात.

या कायद्याविरुद्ध राष्ट्रसभेने १८८७ सालच्या मद्रासच्या अधिवेशनातच ठराव केला होता. १९३१ साली कराचीस मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला त्यात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातलेला होता. मग तो राज्यघटनेत का आला नाही, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो. तो आणण्याचा प्रयत्न झाला होता, आणि तो करणारे सभासद आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडातून निवडून गेलेले होते. हरि विष्णु कामत हे आय. सी. एस. ची नोकरी सोडून राजकारणात पडलेले गृहस्थ. १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत त्यांनी कराचीच्या ठरावातील तेच कलम उपसूचना म्हणून मांडले. डॉ. आंबेडकरांनी त्यास विरोध केला. हत्यार बाळगणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क ठरवला, तर समाजास उपद्रव देणारा मनुष्यही तोच हक्क सांगत येईल आणि राज्यास त्यास आवर घालणे कठीण जाईल, असा त्यांचा मुद्दा होता. उपसूचना फेटाळली गेली. आम्हांस डॉ. आंबेडकरांचे म्हणणे पटते. फाळणीचे रक्त तेव्हा सुकलेले नव्हते आणि गांधीजींस गोळी घालून वर्षही लोटले नव्हते. परंतु त्या दिवसापासून एक गोष्ट निश्चित झाली. आपल्या देशात बंदूक ही मागून मिळणारी वस्तू आहे, आणि ज्याने ती मागावयाची त्याने कारण सांगावयाचे. १९५९ चा नवा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला तो याच पायावर. नेमबाजी हे त्यात मान्य झालेले एक कारण आहे.

मधल्या काळात या देशात बंदुका किती आल्या व कोठून, याचा हिशेब फार मनोरंजक होईल. कलकत्त्यास मँटन कंपनीचे दुकान होते. मुंबईस आर्मी अँड नेव्हीचे भांडार होते. विलायतेत बर्मिंगहॅम हे या धंद्याचे मोठे केंद्र. तेथील साध्या दुनळ्या जहाजे भरभरून येत, आणि बेल्जममधील लिएज शहरातल्या त्याहून स्वस्त. फॉर्साइथ नावाच्या फौजी अधिकाऱ्याने मध्यप्रांतातील जंगलांवर लिहिलेले पुस्तक १८७१ साली निघाले, आणि पुढे कान्हा व मेळघाटची राने शिकारी लोकांत विख्यात झाली. सातपुड्याच्या शिकारीविषयी ज्यांनी बालपणी आजोबांच्या तोंडून गोष्टी ऐकल्या आहेत अशी कुटुंबे नागपूर, बालाघाट, दुर्ग, राजनांदगाव येथे अद्याप आहेत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्या गोष्टी गोष्टीच राहिल्या. लहान पाखरांच्या शिकारीस जी थोडी मुभा उरली होती ती १९९१ च्या दुरुस्तीने गेली. हे फार चांगले झाले. नंदिनीच्या खाणीतील ज्या खड्ड्यांतून दगड काढून संपला त्यांत पाणी साठले आहे, २०२१ च्या सुमारास भोवती मोठ्या प्रमाणावर झाडे लावण्यात आली, आणि तेथे उतरणारे पाणपक्षी पाहिले म्हणजे कोणाही शहाण्या माणसास बंदुकीची आठवण होऊ नये.

शिकार अशी बंद होत असतानाच १९८० नंतरच्या दशकात परदेशी बंदुकांची व्यापारी आयात सरकारने थांबवली. नामांकित नेमबाजांस संघटनेच्या शिफारशीने बंदूक आणता येते, इतरांस नाही. इच्छापूरच्या सरकारी कारखान्यात बारा बोअरच्या बंदुका होतात, आणि मीर कासिमाच्या काळापासून बंदूक घडवण्याची परंपरा सांगणाऱ्या मुंगेरातही होतात. परंतु त्या संरक्षणासाठी व पिकांच्या राखणीसाठी. तबकडीवर दिवसातून शंभर बार सोसेल अशी, तोल साधलेली बंदूक निराळी. तेव्हा १९८० पूर्वी जेवढी चांगली विलायती हत्यारे देशात आली तेवढ्यांतच आता सर्व देवघेव चालावयाची. तळ्यास येणारा ओढा बंद झाला व जे पाणी आत होते तेच एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे हलत राहिले, तसा हा प्रकार आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावर तीनऐवजी दोनच बंदुका ठेवण्याची मर्यादा घातली. त्यामुळे आणि परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसांनी परवाना न घेतल्यामुळे कितीतरी दुनळ्या पोलीस ठाण्याच्या मालखान्यात अथवा दुकानदाराकडे अनामत पडून गंजत आहेत. तबकडीचा खेळ सामान्य माणसापर्यंत यावयाचा असेल तर त्याचा रस्ता या जुन्या दुनळ्यांतूनच जातो, आणि म्हणून जुनी दुनळी पारखण्याची विद्या आम्ही महत्त्वाची समजतो.

ही विद्या बरीचशी इतिहाससंशोधकाचीच आहे. राजवाडे व त्यांच्या मागून आलेल्या मंडळींनी मोडी कागदाचा खरेखोटेपणा शिक्का, तारीख व कागदाच्या जातीवरून ठरवण्याची शिस्त आपल्यास लावली. इंग्लंडी बंदुकीच्या बाबतीत तसेच करता येते. कारण लंडन व बर्मिंगहॅम येथील परीक्षागृहांत प्रत्येक नळी जादा दारूचा बार काढून कसास लावल्याशिवाय ती विकण्याची त्या देशात परवानगी नाही, आणि कसास उतरलेल्या नळीच्या पोटावर ठसे उमटवलेले असतात. दुनळी मोडून नळ्या वेगळ्या केल्या की ते दिसतात. हे ठसे काळानुसार बदलत गेले. ‘गोळीसाठी नव्हे’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द आढळले तर ती नळी १८७५ ते १८८७ मधली व तोंडाशी आवळलेली, असे समजावे. मुकुटाखाली बी. पी., बी. व्ही. आणि एन. पी. अशी अक्षरजोडी असेल तर बर्मिंगहॅम, १९०४ नंतर, यांतील एन. पी. म्हणजे धूर न करणाऱ्या नव्या दारूस नळी उतरली असल्याची खूण. काडतुसाच्या घराची लांबी इंचांत कोरलेली असेल तर बहुधा १९२५ नंतर. किती टनांचा दाब सोसते हे लिहिलेले असेल तर १९५४ च्या नियमांनंतर. लोखंडाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या, लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसणाऱ्या नळ्या फार सुंदर असतात, परंतु त्या बव्हंशी काळ्या दारूच्या जमान्यातल्या. आजची काडतुसे त्यांत घालणे म्हणजे आपल्या डाव्या हाताची बोटे पणास लावणे होय.

एक उदाहरण देतो. दुर्गमधील एका जुन्या मराठी मालगुजार घराण्यातील वृद्ध गृहस्थांनी आम्हांस त्यांची दुनळी पाहावयास बोलावले. त्यांच्या वडिलांची ती. मालगुजारी १९५१ च्या सुमारास गेली, जमीन वाटण्यांत गेली, बंदूक राहिली. मुलगे परदेशी, कोणास परवाना नको; तेव्हा वापरणाऱ्याच्या हाती जावी अशी त्यांची इच्छा. कलाकुसर देखणी होती, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, आणि नळीतून उजेडाकडे पाहिले तर आतून आरसा! कोणीही तेथल्या तेथे सौदा केला असता. ठसे बर्मिंगहॅमचे, १९०४ ते १९२५ मधले. नळीच्या व्यासाची खूण ‘१३/१’, म्हणजे परीक्षेच्या दिवशी व्यास ०.७१९ इंच. आमच्यासोबत कारखान्यातून निवृत्त झालेले एक टर्नर होते, आणि आतील व्यास मोजण्याचे त्यांचे स्वतःचे उपकरण होते. भिलाईत राहण्याचा हा एक लाभ. सहस्रांश इंचाची भाषा बोलणारे लोक येथे गल्लीगल्लीत आहेत. उजवी नळी ठीक भरली. डावी ०.७३३ इंच भरली. इंचाचा शंभरावा भाग वाढला की परीक्षागृहाची ग्वाही संपते. येथे त्याहून अधिक वाढ होती. केव्हातरी नळीत गंजाचे खड्डे पडले असावेत आणि कोणा कारागिराने ते आतून घासून काढून टाकले. आरसा झाला तो त्यामुळे. जी चमक पाहून गिऱ्हाईक भुलावयाचे ती धातू कमी झाल्याची खूण होती, आणि तीस-चाळीस वर्षे ती नळी तशीच वापरली गेली होती.

हे त्यांस सांगणे जड गेले. “काकाजी, ही भिंतीवर शोभेल, खांद्याला लावण्याजोगी राहिलेली नाही,” असे आम्ही शेवटी म्हणालो. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाबांनी हिच्यावर कधी हात फिरवल्याशिवाय दिवा मालवला नाही. तुम्ही म्हणता तर बार काढणार नाही. पण ठाण्यात टाकून ये असं मात्र सांगू नका.” त्यांचा परवाना अद्याप चालू आहे, तेव्हा बंदूक घरी ठेवण्यास प्रत्यवाय नाही. परंतु त्यांच्या पश्चात ती ठाण्यातच अथवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावी लागेल, हे त्यांस ठाऊक आहे आणि आम्हांसही. ती नळी नव्या आतल्या नळीने भरून काढता येते. तसे काम करणारे आपल्याकडे फारसे नाहीत, आणि केले तरी ती पुन्हा कसास लावली पाहिजे.

शिकारीच्या व तबकडीच्या बंदुकीत भेद कोणता, हेही येथे सांगितले पाहिजे, कारण विकणारा तो सांगत नाही. शिकारी मनुष्य दिवसभर चालून पाच-दहा बार काढी. त्यास तीन किलोच्या आतली हलकी दुनळी बरी. ट्रॅपच्या स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत १२५ तबकड्या असतात आणि प्रत्येकीवर दोन बार काढण्याची मुभा असते. हलकी बंदूक इतके धक्के देते की सायंकाळी खांदा निळा पडतो आणि नेमबाज नकळत डोळे मिटू लागतो. स्पर्धेत आता काडतुसात २४ ग्रॅमच छर्रे घालता येतात, त्यामुळे धक्का पूर्वीपेक्षा सौम्य झाला आहे. तरी साडेतीन किलोच्या आसपासचे वजन उत्तम. एकावर एक नळ्या असलेली बंदूक या खेळास सोयीची व आज सर्वमान्य. शेजारी-शेजारी नळ्यांची त्या मानाने मागे पडली, म्हणूनच ती पुष्कळ मिळते. दुसरी गोष्ट काडतुसाच्या घराची. जुन्या इंग्लंडी दुनळ्यांत ते अडीच इंचांचे, म्हणजे ६५ मिलिमीटरांचे असते. सत्तर मिलिमीटरांचे काडतूस त्यात बिनतक्रार बसते, कारण ती लांबी उडाल्यानंतर उलगडलेल्या काडतुसाची असते. बसते म्हणून ते चालते असे नवख्यास वाटते, आणि बार होताच उलगडणारे तोंड पुढच्या अरुंद भागात शिरून दाब भलताच वाढतो. पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यातील ‘शक्तिमान’ काडतुसे या दोन्ही लांब्यांत निघत आली आहेत, तेव्हा डब्यावरील आकडा वाचून मगच पैसे द्यावेत. उरलेल्या परीक्षा सोप्या आहेत. नळ्या वेगळ्या करून बोटावर टांगाव्यात व लाकडाने हलकेच ठोकाव्यात. घंटेसारखा नाद आला तर मधली पट्टी पक्की, भसाडा आला तर तिचा जोड सुटलेला. पुढचे लाकूड काढून बंदूक हलवून पाहावी. खुळखुळ ऐकू आली तर सांधा झिजलेला.

आम्ही अखेर जी दुनळी पसंत केली ती दिसावयास अगदीच साधी आहे. राजनांदगावच्या एका निवृत्त वनाधिकाऱ्यांनी ती १९६४ साली नवी घेतली होती. नक्षी नाही, दस्त्यावर ओरखडे आहेत, आणि एके ठिकाणी पितळी खिळा मारलेला आहे. पण ठशांत पावणेतीन इंचांचे घर आणि सव्वातीन टनांचा दाब स्पष्ट कोरलेला आहे, दोन्ही नळ्या कोरल्या मापाच्या जवळ आहेत आणि नळीची भिंत सर्वांत पातळ ठिकाणीही अर्ध्या मिलिमीटरहून बरीच जाड आहे. शेजारी-शेजारी नळ्यांची असली तरी वजन सव्वातीन किलो. वनाधिकाऱ्यांचे वय आता शहाऐंशीच्या घरात. त्यांनी किंमत सांगितली ती त्यांच्या १९६४ च्या पावतीच्या हिशेबाने इतकी कमी होती, की आम्हांसच ती वाढवून देण्याचा आग्रह करावा लागला.

सरकारी नोकरांस कागदपत्रांचा कंटाळा नसावा. तरीही या व्यवहाराची वाट सांगून ठेवणे उपयोगी होईल. खरेदी करणाऱ्याजवळ परवाना आधी हवा, आणि तो मिळण्यापूर्वी २०१६ च्या नियमांनुसार हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षण घेतल्याचा दाखला हवा. एका खाजगी व्यक्तीने दुसरीस बंदूक विकावयाची असेल तर विकणाऱ्याने आपला हेतू व घेणाऱ्याचे नाव-पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांस अथवा नजीकच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवावयाचा, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस गेल्याशिवाय बंदूक हाती द्यावयाची नाही. बरेच लोक या मुदतीस कंटाळून तोंडी व्यवहार करू पाहतात. तो सरळ गुन्हा आहे, आणि त्यात वृद्ध विक्रेताच अधिक अडचणीत येतो. बदलीच्या नोकरीत असणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे, की जिल्हा बदलला की परवान्याची नोंद नव्या ठिकाणी करून घ्यावी लागते, आणि निवडणुकीच्या काळात हत्यारे ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघतो तेव्हा नेमबाजांस सूट हवी असल्यास संघटनेच्या पत्रासह वेळेवर अर्ज करावा लागतो.

वनाधिकाऱ्यांनी आपल्या हाताने, वळणदार अक्षरात, अर्ज लिहिला आणि त्याची ठाण्याचा शिक्का असलेली पोच आमच्याकडे पाठवली. तीवरील तारखेस आज एकतीस दिवस झाले. मुदत संपली म्हणजे राजनांदगावास जाऊन दोन्ही परवान्यांवर नोंद करून घ्यावयाची आहे; काकाजींनीही त्या दिवशी आमच्याबरोबर येण्याचे कबूल केले आहे.